घरातला आवाज

मंगळवारी वाचा-उपचार विभागात पेढे यायचे. माणूस बरा झाला की दवाखान्यात पेढे वाटतातच, पण इथले पेढे एका शब्दासाठी असायचे. स्वरयंत्र काढलेल्या पेशंटच्या गळ्याला कंठपट्टी बांधायची, घरचे मोबाइल धरून उभे राहायचे, आणि इतक्या दिवसांनी तो पहिला शब्द बोलायचा. स्वतःच्या आवाजात. बायका रडायच्या, पोरं शिट्ट्या मारायची, आणि डोळे पुसायच्या आत डॉक्टर कुरुंदवाडे तो व्हिडिओ दवाखान्याच्या ट्रस्टच्या पानावर टाकून मोकळे व्हायचे.

इचलकरंजीत अशा पेशंटांना तोटा नव्हता. गुटखा बंद झाला होता, म्हणजे कागदावर. गळे कापले जायचे ते जातच होते.

आजचा पेशंट सर्जेराव खोत. यंत्रमागाच्या शेडमध्ये जन्मभर मुकादम. सगळे माग एकदम खडखडायला लागले की तिथं शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, पण सर्जेरावची हाक या टोकाची त्या टोकाला जायची. त्या आवाजाचा त्याला भारी तोरा. म्हणून ऑपरेशननंतर त्याने भुंग्याला हात लावला नाही. भुंगा म्हणजे गळ्याला टेकवायचं जुनं यंत्र. त्यातून बाई असो की बाप्या, सगळ्यांचा आवाज एकच निघतो, गुणगुणल्यासारखा. यंत्रातले तयार आवाज ऐकवले तर त्याने पाटीवर लिहून दिलं, "बँकेतल्या मशीनचा आवाज नको. माझाच पायजे."

रेवती मगदूम इथली वाचा-उपचारतज्ज्ञ. उन्हाळ्यापासून सर्जेराव तिच्यासमोर बसून, आरशात बघून, नुसते ओठ आणि जीभ हलवायला शिकत होता. बिनआवाजाचं बोलणं. कंठपट्टी गळ्याच्या आणि जिभेखालच्या स्नायूंची हालचाल वाचते, त्यावरून शब्द ओळखते आणि छातीवरच्या बटणाएवढ्या स्पीकरमधून बोलते. आता ते कुणाच्या आवाजात बोलायचं, त्यासाठी लागतं स्वरबीज. माणसाचं जुनं बोलणं यंत्राला ऐकवायचं. यंत्र त्यातून नुसता पोत उचलत नाही. माणूस कुठे थांबतो, कुठे चढतो, कुठला शब्द दाबून बोलतो, सगळं उचलतं. जसं बी तसं पीक.

"लग्नातले व्हिडिओ आणू नका, मागे बँड वाजतो," रेवतीने सर्जेरावच्या बायकोला, शालनला, सांगितलं होतं. "घरात बोलतात तसा आवाज हवा. अगदी रोजचा."

शालनने परत विचारलं होतं. "घरातलाच पायजे?"

"घरातलाच."

"मग हाय माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी तिने मोबाइल आणून दिला. रेवतीने त्यातल्या फाइली यंत्रात घातल्या. ऐकल्या मात्र नाहीत, कारण नियमच तसा होता. पेशंटच्या घरातलं खासगी बोलणं माणसाने ऐकायचं नाही, फक्त यंत्राने ऐकायचं. सभ्य लोकांनी सभ्य घरं डोळ्यांपुढे ठेवून केलेला नियम. यंत्राने हिरवा दिवा दिला : आवाज स्वच्छ, नमुना पुरेसा.

तर आज पेढे आले होते. सर्जेराव खुर्चीत, मांडीवर साडेतीन वर्षांची नात जिजा. त्याचा आवाज गेल्यापासून ही पोरगी त्याला चिकटली होती. तो टाळी वाजवायचा, ती पळत यायची. रेवतीला ते फार गोड वाटायचं. आधी पोरगी जवळ का जात नव्हती, हे तिनेही कधी विचारलं नाही.

सर्जेरावचा पोरगा अमर मोबाइल धरून उभा होता. "आण्णा, लवकर बरं होऊन शेडवर या. नवा मुकादम बकरीगत बें बें करतोय. माग बी हसाय लागलेत त्याला."

सर्जेराव खांदे हलवून हसला.

"काय शालनताई," डॉक्टर कुरुंदवाडे म्हणाले, "पहिलं नाव तुमचंच घेणार बघा!"

"माझं? त्यांनी माझं नाव कधी घेतलंच न्हाई."

"अहो, उखाण्यात तरी?"

"तवा जे घेतलं तेवढंच."

सगळे हसले. शालन हसली नाही. रेवतीने पट्टी बांधली, मानेतलं श्वासाचं भोक झाकत नाही ना ते बघितलं आणि कळ दाबली. "हं. सावकाश. जे मनात येईल ते बोला."

सर्जेरावचे डोळे भरून आले होते. त्याने नातीकडे बघितलं. ओठ हलले, आणि हसत हलले, हे रेवतीने समोरून पाहिलं.

"जिजा. ये. बाळा."

आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर परवडलं असतं. दाताखाली धरलेला, एकेक शब्द सुटा करून ठेवणारा. दाराची आतून कडी लावून घेतल्यावर माणूस जसा सावकाश बोलतो, तसा.

जिजा मांडीवरून घसरली आणि टेबलाखाली शिरली. दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसली. अमर, लग्न झालेला, बाप झालेला गडी, त्याचा कोपर आपोआप तोंडापुढे आला आणि मोबाइल फरशीवर आपटला. शालन मात्र ओरडली नाही की दचकली नाही. तिने पेढ्यांचा डबा उचलला, मग पाण्याचा तांब्या, मग आरसा, आणि सगळं टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवलं. सर्जेरावचा हात पोचणार नाही इतकं लांब. रोजचंच काम असल्यासारखं.

"जरा कमी करा हो आवाज," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून व्हिडिओचं हसू होतं.

रेवतीने आवाज बारीक केला. तो जास्तच भयानक झाला.

सर्जेराव गांगरून सगळ्यांकडे बघत होता. ओठ भराभर हलले. "काय झालं. असं काय बघताय. हा माझा आवाज न्हाई."

तेही त्याच आवाजात आलं. तसंच दाबून.

"तुमचाच हाय," शालन म्हणाली.

सर्जेरावने टेबलावर थाप मारली आणि यंत्राकडे बोट केलं. ऐकवा. रेवतीने शालनकडे पाहिलं. शालनने मान हलवली. नियम गेला खड्ड्यात म्हणून रेवतीने पहिली फाइल लावली.

"भाजीला मीठ हाय?" सर्जेरावचा आवाज खोलीत आला. "न्हाई ना? मग चाख. चाख म्हणतोय न्हवं. पोरगीला घे मांडीवर आन् चाख."

मग एक आवाज, ओल्या कापडावर फळी मारल्यासारखा. मग भांडं पडलं आणि किती तरी वेळ फरशीवर गरगरत राहिलं. त्याच्या वर लहान पोराचं रडणं.

रेवतीने बंद केलं. तिचं लक्ष पडद्यावर गेलं. प्रत्येक फाइलखाली यंत्राने इमानदारीत नोंद ठेवली होती. काढून टाकलेला गोंगाट : भांडी, स्त्रीचा आवाज, बालकाचे रडणे.

म्हणून आवाज स्वच्छ!

महिनोन्‌महिने तिने याच माणसाच्या जिभेला वळण लावलं होतं. चांगलं जमलं की "शाब्बास" म्हटलं होतं. केसपेपरवर गळ्याचं इंचन्‌इंच लिहिलेलं होतं, गाठ किती, टाके किती. त्या गळ्यातून काय बाहेर पडत होतं, त्यासाठी केसपेपरवर जागाच नव्हती.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. विचारताच स्वतःची लाज वाटली.

"पोलिसात द्यायला मोबाइलात धरून ठेवलं हुतं," शालन म्हणाली. "हवालदारानं ऐकलं. म्हणाला, मागावाला हाय, बोलायची तऱ्हाच तशी, घरातलं घरात मिटवा. तुमीच पयल्यांदा म्हणाला, घरातला आवाज पायजे. ऑपरेशन झाल्यापासनं हात उचलला न्हाई त्यांनी. का उचलला न्हाई ते मला म्हाईत न्हाई. औषधानं कमजोरी आलीया, का आवाज न्हाई म्हणून."

अमर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"हे बघा, आपण गळा बघतो," डॉक्टर कुरुंदवाडे घाईने म्हणाले. "घरगुती भांडणं हा आपला विषय नाही. मगदूम, सोपं आहे. तयार आवाज घाला. तो मऊ, प्रौढ पुरुषाचा आहे ना? तो घाला. पुढच्या मंगळवारी नवा व्हिडिओ घेऊ."

"व्हिडिओ?" रेवती म्हणाली. "ते रडणं यंत्राने काढून टाकलं, डॉक्टर. तुमच्या कानात पण तेच यंत्र बसवलंय का?"

कुरुंदवाड्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आता कुठे गेलं.

तेवढ्यात सर्जेरावने स्वतःच्या हाताने पट्टी सोडली. तो खाली वाकला आणि घरी वाजवायचा तशी हलकी टाळी वाजवली. टेबलाखालून जिजाने डोकं वर केलं. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. आधी गळ्याकडे बघितलं. तिथं पट्टी आहे की नाही, ते.

ते सर्जेरावलाही दिसलं. तो तसाच वाकलेला राहिला. मग त्याने पट्टी उचलली आणि टेबलावरून शालनच्या पुढ्यात सरकवली. तूच सांग.

शालनने पट्टीला हात लावला नाही. ती रेवतीशी बोलली.

"बाई, त्यो मऊ आवाज घालणार म्हणता. ह्या आवाजावरनं मला कळत तरी हुतं. असं सावकाश बोलाय लागलं की मी पोरगीला शेजारी धाडत हुते, भांडी उचलत हुते. उद्या गोड आवाजात हाक मारली आन् हात उचलला, तर मला आधी कळंल कसं?"

रेवतीने यंत्राची कळ बंद केली.

शालन नवऱ्याकडे वळली. त्याच्या तोंडासमोर उभं राहून, डोळ्याला डोळा देऊन बोलायची ही तिची पहिलीच वेळ असावी, कारण अमरने भिंतीवरून नजर काढली आणि आईकडे बघत राहिला.

"आवं, तुमीच सांगा की. आवाज परत आला की हात बी परत येणार हाय का? ह्याला काय पट्टी लागत न्हाई. हो का न्हाई, नुसती मान हलवा."

सर्जेरावचे ओठ हलायला लागले.

"बोलू नका," ती म्हणाली. "मान."

मानेतल्या भोकातून त्याचा श्वास सूं सूं येत होता, जात होता. जिजा टेबलाखालून अर्धी बाहेर आली होती. तीही त्याच्या मानेकडेच बघत होती.