बोट रिकामी?

आमच्या गाडीला एक खोड आहे. शेजारच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की ती टिंगटिंग करत बोंबलायला लागते. आमच्या हिलाही एक खोड आहे. ती आधी ऐसपैस बसते, पर्स पायाशी ठेवते, आरशात बघून घेते, माझ्या ड्रायव्हिंगबद्दल आगाऊ नापसंती नोंदवते आणि मग सावकाश पट्ट्याला हात घालते. तोवर टिंगटिंग चालूच. दोन खोडींच्या मधे मी बसतो.

गेल्या वर्षी हिचं मोठं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून घरी आणताना ती शेजारी बसली, आणि गाडी गप्प राहिली. सीटवर कोणी बसलंय याचा गाडीला पत्ताच लागला नाही, इतकं हिचं वजन उतरलं होतं. डॉक्टरांच्या कुठल्याही कागदाला घाबरलो नव्हतो तेवढा मी त्या शांततेला घाबरलो. तेव्हापासून बायकोचं वजन वाढवणं हाच आमच्या घरचा एकमेव उद्योग होता.

त्या दिवशी सकाळी ती नवी कोरी गवती टोपी घालून गाडीत बसली आणि गाडी टिंगटिंग करायला लागली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसलो. पट्टा तिने मुद्दाम उशिरा लावला. कोपऱ्यावरचा सिग्नल येईपर्यंत आम्ही ते संगीत ऐकलं.

निघालो होतो तिच्या धाकट्या भावाकडे. नोकरी संपल्यावर लोक बागकाम करतात, याने बोट घेतली. घराच्या मागेच खाडी, आणि खाडीत याचा स्वतःचा लाकडी धक्का. बोट यायच्या आधीच टोपी आणली होती, त्यामुळे सगळे त्याला कॅप्टन म्हणायला लागले. आजारपणात ही उशीला टेकून एकच सांगायची, "मला त्या बोटीत अगदी पुढे बसायचंय. दीपगृहाच्या खडकापर्यंत जायचंय. बास." कॅप्टनने त्या पुढच्या सीटला नवी गादी शिवून घेतली होती आणि तिच्याआधी कोणाला बसू दिलं नव्हतं.

"या भाऊजी! ताई, काय टोपी आहे! वारा घेऊन जाईल हं."

"तुझी आधी जाईल. तुझ्या डोक्यात अडकून राहण्यासारखं आहे काय?"

भावाबहिणीचं क्षेमकुशल असं आटोपल्यावर आम्ही धक्क्यावर आलो. फळ्या उन्हात तापल्या होत्या. डांबराचा, ओल्या दोरांचा आणि नव्या रंगाचा वास येत होता. पांढरीशुभ्र बोट, पाण्याच्या वर बोटभर दिसणारी लाल रेघ, मागे इंजिन, मधे आमच्या न्हाणीघराएवढी केबिन. बोट धक्क्यावर घासू नये म्हणून कडेला जुने टायर लटकवलेले.

आधी कॅप्टन चढला. बोट दबली, टायर कुरकुरले. मी चढलो. पुन्हा तेच. मग ही चढली आणि अशी झकास दबली की लाल रेघ पुढच्या बाजूने पाण्यात गेली.

"ताई, बोटीला घाम फुटला!"

दुसरं कोणी म्हणालं असतं तर जन्माचं वैर झालं असतं. ही मात्र पदक मिळाल्यासारखी ताठ झाली. "लिहून ठेव. डॉक्टरांना सांगायचंय," म्हणाली आणि पुढच्या गादीवर जाऊन बसली.

आम्ही निघालो. माझा स्वभाव तसा मोजूनमापून आनंदी होण्याचा, पण त्या दिवशी मीही शिट्टी वाजवत होतो. पाणी तोंडावर उडत होतं, ही किंचाळत होती, कॅप्टन गरज नसताना भोंगा वाजवत होता. दीपगृहाचा खडक जवळ आला आणि इंजिन दोनदा खोकलं. कॅप्टनने काट्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"पेट्रोल भरायचं राहिलं वाटतं."

"वाटतं?" मी म्हणालो.

"परत जाण्यापुरतं आहे हो. ताईच्या गादीच्या नादात..."

इंजिन बंद झाल्यावर इतकं शांत झालं की बोटीखालून सरकणारं पाणी ऐकू येत होतं. ही पुढे वाकून पाण्यात बघत होती. बराच वेळ. मग वर न बघताच म्हणाली, "किती बरं वाटतंय. मी आता इथून उठणार नाही."

"नको उठूस," कॅप्टन म्हणाला. "पेट्रोल भरून पुन्हा येऊ."

परत धक्क्याला लागलो. कॅप्टन कितीही विसरभोळा असला तरी पेट्रोलच्या बाबतीत कडक. पेट्रोलची वाफ बोटीच्या पोटात साचते आणि एका ठिणगीत सगळ्यांना मोक्ष देते, हे त्याला शिकवणाऱ्याने चांगलं ठसवलं होतं. इंजिन बंद, केबिनचं दार बंद, फोन घरात, आणि सगळी माणसं धक्क्यावर. मग तो मोठ्याने विचारणार, "बोट रिकामी?" आणि प्रत्येकाने आपल्या तोंडाने म्हणायचं, "रिकामी!" त्याशिवाय कॅनचं झाकण उघडायचं नाही. आम्ही तिघंच होतो, तिघंही एकमेकांना दिसत होतो, तरीही.

ही कुरकुरतच उतरली. "आत्ता तर बसले होते," म्हणाली.

कॅप्टन उतरला तेव्हा बोट वर आली. मी उतरलो तेव्हा आली. ही उतरली तेव्हा टायर कुरकुरले नाहीत. मी वळून पाहिलं. बोट रिकामी होती, आणि पुढची लाल रेघ पाण्याखाली होती.

मी तर्काने चालणारा माणूस आहे. भरती असेल, लाट असेल. नव्या गादीने पाणी प्यायलं असेल.

"बोट रिकामी?"

"रिकामी!" ही म्हणाली.

"रिकामी," कॅप्टन म्हणाला, आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. "भाऊजी, परीक्षा नाहीये."

"रिकामी," मी म्हणालो.

कॅप्टनने नरसाळं लावलं, फडकं गुंडाळलं आणि कॅन तिरका केला. पेट्रोल गटगट आवाज करत उतरू लागलं. टाकीतली हवा बाजूच्या बारीक नळीतून फुसफुसत बाहेर येत होती. टाकी भरत आली की त्या नळीचा आवाज चढतो, तो ऐकायला मी कान लावून होतो. फुसफुस एका लयीत होती. थांबायची, पुन्हा यायची. आजारपणात मी रात्र रात्र जागून अशीच एक लय ऐकली होती. कॅप्टनने कॅन बदलायला घेतला. पेट्रोल थांबलं.

फुसफुस थांबली नाही.

"पुढे काही जड ठेवलंय का?" कॅप्टनने विचारलं. "नाक खाली गेलंय. टाकीत सरळ बसत नाहीये पेट्रोल."

"मीच ठेवलीय माझी पिशवी," ही म्हणाली. पिशवी तिच्या खांद्याला होती.

टाकी भरली. सांडलेलं पुसलं, पंखा लावून वाफ बाहेर काढली. "चल ताई, आधी तू!" कॅप्टनने हात पुढे केला. नवा विनोद त्याच्या तोंडात तयार दिसत होता.

ही चढली. बोट हलली नाही.

टायर हलले नाहीत. धक्क्याखालचं पाणीसुद्धा हललं नाही. कॅप्टनचा विनोद तसाच राहिला. "वजन कुठे ठेवून आलीस?" एवढंच तो म्हणाला, आणि ही मनापासून हसली. मग ती पुढे गेली. गादीच्या मधोमध एक खळगा होता. तो तिला दिसला असावा, कारण तिने कपडे सावरले आणि ती कडेला, अर्ध्या जागेत बसली. बसमध्ये शेजारी कोणी असलं की बसतो तशी.

दुसरी फेरी फार छान झाली. हे लपवण्यात अर्थ नाही. आम्ही खडकाला वळसा घातला, दीपगृहाच्या पायऱ्यांवरचे पक्षी उठवले, कॅप्टनने मला सुकाणू दिलं आणि लगेच काढून घेतलं. ही टाळ्या वाजवत होती. दर थोड्या वेळाने शेजारच्या रिकाम्या गादीकडे झुकून काहीतरी बोलायची, आणि वाऱ्यात ते मला ऐकू यायचं नाही.

ऊन कलतं झालं तेव्हा धक्क्याला लागलो. कॅप्टन पुन्हा कॅन घेऊन आला. अर्धी टाकी ठेवली की आतल्या हवेतल्या दमटपणाचं पाणी होतं, म्हणून बोट बांधताना ती भरून ठेवायची, हा दुसरा धडा. आम्ही उतरलो. लाल रेघ पुढून पाण्यातच होती.

माझ्यापाशी एवढाच हिशेब होता. दवाखान्यातून मी हिला वजनाशिवाय आणलं होतं. ते कसं, कशाने, किती काकुळतीने परत मिळवलं, ते आम्हा दोघांना माहीत. ते इथे बांधून ठेवून मी घरी जाणार नव्हतो.

"बोट रिकामी?"

"रिकामी!" ही पटकन म्हणाली. जरा जास्तच पटकन.

"रिकामी. भाऊजी?"

"नाही," मी म्हणालो.

कॅप्टन हसला. "कोण राहिलंय?"

मी पुढच्या गादीकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांची टिंगल केलेल्या माणसाला रिकाम्या गादीशी बोलणं सोपं नसतं. तरी बोललो.

"चल गं. झालं ना मनासारखं? घरी जायचंय."

काही झालं नाही. कॅप्टन अजून हसत होता.

मग गादीचा खळगा हळूहळू भरून आला.

बोट एकदा दबली आणि वर आली. टायर कुरकुरले. लाल रेघ ओली, चकचकीत, पूर्ण दिसू लागली.

माझ्या पायाजवळची फळी करकरली. मग तिच्या पुढची. मग तिच्याही पुढची, गाडीच्या दिशेने.

"फळ्या बदलायला हव्यात," कॅप्टन म्हणाला. आता तो हसत नव्हता.

मी हिच्याकडे पाहिलं. आनंदाने तकतकीत दिसणारा तोच चेहरा, तीच टोपी. ती करकरणाऱ्या फळ्यांकडे बघत होती. आपल्या आधी कोणाला तरी वाढलं गेलं की माणूस बघतो तसं.

"झालं तुमचं?" ती हळूच म्हणाली.

"झालं. मी गाडी काढतो. तू ये."

मी भराभर चालत गाडीपाशी आलो. खरं सांगायचं तर छाती धडधडत होती, पण आनंदाने. ऑपरेशन पार पडल्याचं ऐकलं तेव्हा धडधडली होती तशी. आत बसलो, दार ओढलं, गाडी सुरू केली. काचेतून धक्का दिसत होता. ही अजून तिथेच उभी होती, भावाला हात हलवून काहीतरी सांगत होती.

शेजारची सीट रिकामी होती.

टिंग. टिंग. टिंग.

मी नेहमीच्या सवयीने थोडं थांबलो. पर्स ठेवायला, आरशात बघायला लागतो तेवढा वेळ. मग हात लांब करून पट्टा ओढला आणि लावून टाकला. पट्टा पुरेना म्हणून जरा सैल करावा लागला. गाडी गप्प झाली.

तेवढ्यात ही आली. इतक्या वर्षांत ती कधी माझ्या शेजारची सीट सोडून बसलेली नाही. पुढच्या काचेतून तिने आत एक नजर टाकली आणि मागचं दार उघडून मुकाट्याने मागे बसली.