पिवळ्या गाडीचा गळका टप

ठमी कोचबाईंच्या अंगणात पोहोचली तेव्हा पिवळ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

"ओ पाय!" ठमी म्हणाली. "जरा बाहेर या. ही गाडी माझी आहे."

पाय थोडे हलले. "तुमची? जाहिरातीत तर कोचबाईंची लिहिलंय."

"म्हणजे... माझी होणार आहे."

"अस्सं होय! मग अजून झालेली नाही."

आणि त्या पायांमागून उरलेला माणूस सरकत सरकत बाहेर आला. हातात टॉर्च, नाकावर ग्रीसचा ठिपका, आणि चेहऱ्यावर असं काही हसू की ठमीला भयंकर राग आला. राग यावा असं त्या हसण्यात काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

आता ठमीला एवढं तापायला काय झालं, ते सांगायला हवं. ती मामाच्या गॅरेजात गाड्या रंगवायची. पत्र्यावरून नुसता हात फिरवला तरी कुठे ठोकलंय, कुठे खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलाय, ते तिला कळायचं. पण काम कसलं? दुसऱ्याची गाडी आरशासारखी करायची, किल्ली त्याच्या हातात ठेवायची आणि टाटा करायचा! कोचबाईंची ही पिवळी, दोन सीटची, कापडी टप मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार मात्र ती कॉलेजात असल्यापासून बघत होती. बाई टप उघडा टाकून भुर्रकन निघून जायच्या आणि ठमी बसस्टॉपवर मान वळवून उभी. आई म्हणाली, "दोनच माणसांची गाडी? अगं, भाजीची पिशवी कुठे ठेवशील?" ठमी म्हणाली, "मांडीवर." एकदा तरी स्वतःची गाडी हवी आणि ती हीच हवी, हे तिचं कधीच ठरलेलं होतं.

आणि हा मध्येच उपटला. विचारल्यावर कळलं, स्वारी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर आहे.

"दिवसभर बाजूच्या सीटवर बसून 'हळू, हळू, हळू' म्हणतो मी," तो म्हणाला. "एकदा तरी जोरात जायचंय हो मला. स्वतः चालवून."

तेवढ्यात कोचबाई बाहेर आल्या. पोहायला शिकवण्यात त्यांचा उभा जन्म गेलेला, त्यामुळे साधं बोलणंही तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं. गुडघ्यांनी संप पुकारला आणि क्लच दाबवेना, म्हणून त्या गाडी विकत होत्या.

"दोघं आलात? झकास! मिळून तपासा. मला लपवाछपवी आवडत नाही. मी कॉफी टाकते!"

स्वयंपाकघराची खिडकी गाडीच्या अगदी डोक्यावर होती आणि सताड उघडी होती. दोघांपैकी एकाच्या जरी हे लक्षात आलं असतं ना, तर पुढचं रामायण घडलं नसतं.

मास्तरने आधी बोनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करून घेतली. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनाचं दुखणं कळत नाही म्हणे. मग किल्ली फिरवली. एका झटक्यात चालू! काय तो आवाज... भरल्या पोटी घोरणाऱ्या मांजराचा. धूर नाही, थरथर नाही. ठमीचं काळीज आनंदाने उडालं, मास्तरचंही उडालं, आणि दोघांनी एकदमच तोंडं वाकडी केली.

"ऐकलंत? घरघर," मास्तर म्हणाला.

"बाई गं! हो की. फारच." मग ठमीने पर्समधून लोहचुंबक काढलं. ओरखडा उठू नये म्हणून ते पातळ फडक्यात धरून पत्र्यावर टेकवायचं. नुसता पत्रा असेल तर चिकटतं, आत लांबीचा थर असेल तर पडतं. सरळ हिशोब. पण ठमीने काय केलं? फडक्याला घडीवर घडी घातली. चुंबक बिचारं घसरून खाली पडलं.

"अरेरे!" ठमी म्हणाली. "दारापासून चाकापर्यंत लांबीच लांबी. जबरदस्त अपघात झालेला दिसतोय."

मास्तरचा चेहरा उतरला. पण गडी हार मानतोय थोडाच! आत बसून त्याने क्लच अर्धाच दाबला आणि गिअर टाकला. खर्रर्र!

"गिअरबॉक्स गेला," तो सुस्कारा टाकत म्हणाला. "केव्हा हातात येईल सांगता येत नाही."

"मग तुम्ही घरी जा ना. कशाला जीव धोक्यात घालताय?"

"आणि तुम्हाला एकटीला अशा गाडीपाशी सोडून जाऊ? माणुसकी आहे की नाही मला?"

"माझी काळजी नको. मला वाईट गाड्यांची सवय आहे."

"आणि मला वाईट ड्रायव्हरांची. बघा, जोडी छान—" मास्तर थबकला. त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... गाडीची आणि माझी."

ठमीला हसू फुटलं, ते लपवायला ती डिकीत वाकली. आणि वरच्या खिडकीतून कोचबाईंचा फोनवरचा आवाज आला. हळू. पहिल्यांदाच हळू.

"हो, भंगारातच न्या... चांगली आहे असं वाटत होतं हो मला. पण दोन जाणकार आलेत, दोघंही तेच म्हणतायत. मीही जुनीच घेतली होती ना, तेव्हाच कुणीतरी फसवलं असणार. अपघातातली गाडी! आणि मी तिच्यातून नातवंडांना फिरवलं... नको, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नाही मारायची. दुपारी ट्रक पाठवा."

ठमीने डिकीतून डोकं वर काढलं. तिने मास्तरकडे पाहिलं. मास्तर पांढराफटक.

"लांबी..." तो कुजबुजला, "कितपत आहे?"

"मुळीच नाही. फडक्याला घड्या घातल्या मी. आणि गिअर?"

"लोण्यासारखा आहे. क्लच अर्धा दाबला मी."

"शाबास! लोकांना गाडी शिकवता तुम्ही?"

"आणि तुम्ही लोकांच्या गाड्या रंगवता!"

भांडायला वेळ नव्हता. दोघं धावत सुटले आणि स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांवर आपटले. ठमीने सगळं भडाभडा सांगून टाकलं. सांगताना तिला रडू आलं, कारण कोचबाईंचे डोळे ओले होते, आणि ते आपल्यामुळे ओले झाले हे तिला सोसवेना.

"मघाशीही दोघं एकसुरातच बोलत होतात," कोचबाई म्हणाल्या. "आता खरं बोलताय कशावरून?"

"तुमच्या हातांनी बघा," मास्तर म्हणाला.

मग सगळी तपासणी नव्याने झाली. ठमीने फडक्याची घडी मोडली, चुंबक बाईंच्या हातात दिलं, आणि बोनेटपासून डिकीपर्यंत ते घट्ट चिकटत गेलं. बोल्टवरचा मूळ रंगसुद्धा कुठे खरवडलेला नव्हता. म्हणजे दार नाही की बोनेट नाही, काहीच कधी उतरवलेलं नव्हतं. मास्तरने क्लच पूर्ण दाबून धरला, बाईंनी स्वतः गिअर टाकला. चूं नाही की चां नाही.

"एक दोष मात्र खरा आहे," ठमी नाक पुसत म्हणाली. "टप गळतोय. बाजूच्या सीटखालचं कार्पेट दमट आहे."

"ते मला ठाऊक होतं," कोचबाई म्हणाल्या. "सांगता की गिळता, तेच बघत होते." आणि त्यांनी ट्रकवाल्याला नको म्हणून कळवलं. दोघांचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच.

"गाडी मात्र आज कुणालाच मिळणार नाही! दर रविवारी यायचं. मास्तर, तू साफसफाई आणि पॉलिश. पोरी, तू टप. तो गळायचा थांबला की मग ठरवेन कुणाला द्यायची!"

झालं, रविवार सुरू झाले. ठमी टपाच्या शिवणीवर रबराचं सोल्यूशन लावून पट्टी चिकटवायची, मास्तर घाम गाळत पत्रा घासायचा. दर रविवारी शेवटी परीक्षा. दोघांनी टप बंद करून आत बसायचं आणि कोचबाईंनी बाहेरून पाइपने पाणी मारायचं.

आत एवढीशी जागा. टपावर पाण्याचा ताशा, काचांवरून ओघळ, बाहेरचं जग धूसर पिवळं... आणि दोन माना वर करून बसलेली माणसं. खांद्याला खांदा लागायचा. कुणी बाजूला घ्यायचं नाही.

"कुठून येईल असं वाटतंय?" मास्तर हळूच विचारायचा.

"काय?"

"पाणी."

"हां... पाणी होय."

आणि टप्. थेंब बरोब्बर मास्तरच्या नाकावर.

"गळला!" ठमी ओरडायची.

"गळला!" मास्तरही ओरडायचा. एवढ्या वाईट बातमीला दोघांचा आवाज असा खणखणीत का लागावा, हे बाहेर पाइप धरून उभ्या असलेल्या बाईंनाच ठाऊक.

असे बरेच रविवार गेले. जिच्या हाताखालून निघालेल्या गाडीत दोष काढायची कुणाची छाती नव्हती, त्या मुलीला वीतभर पट्टी आवरेना! मामा म्हणाला, "ठमे, मी येऊन बघू का?" तर केवढ्यांदा अंगावर गेली त्याच्या. गॅरेजात रंगाचा फवारा मारताना ती एकटीच हसायची. बुधवार आला की तिला वाटायचं, अजून किती हा आठवडा!

एका रविवारी कोचबाईंनी पाइप हातातच घेतला नाही.

"पुरे!" त्या गरजल्या. "गाडी पोरीची. ही घे किल्ली."

ठमीने किल्लीकडे पाहिलं, मग मास्तरकडे. इतक्या वर्षांची हौस हाताशी आली होती, आणि छाती भरून येण्याऐवजी नुसती धडधडत होती. "पण... यांचं काय? त्यांनीही एवढं घासलंय."

"याने? याने पहिल्याच रविवारी सांगितलं मला, गाडी तिलाच द्या म्हणून. मी म्हटलं, मग तुझी शिक्षा माफ, येऊ नकोस. तर हा आपला येतोच आहे!"

मास्तरला बोनेटवर अचानक एक डाग दिसला आणि तो घासू लागला. डाग-बिग काही नव्हता.

"पहिल्याच रविवारी?" ठमीचा आवाज चिरकला.

"तुम्ही पत्र्यावरून हात फिरवत होता," तो खाली बघत म्हणाला. "तेव्हाच कळलं, गाडी कुणाची आहे ते."

"मग येत का राहिलात?"

"गाडीसाठी नव्हतो येत." त्याने फडकं खाली ठेवलं आणि मान वर केली. "तुमच्यासाठी येत होतो. आवडता तुम्ही मला. झालं सांगून!"

कोचबाई जागच्या हलल्या नाहीत. अशा वेळी आत जाऊन कॉफी टाकणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. ठमीला कुठे बघावं कळेना. पण त्या अंगणात खोटं बोलून काय होतं, ते तिने एकदा पाहिलं होतं.

"टप..." ती म्हणाली. "टप दुसऱ्याच रविवारी गळायचा थांबला होता."

"काय?"

"पाणी मारायच्या आधी मी दर वेळी पट्टीचं टोक नखाने सोडवत होते. गळती थांबली असती तर... रविवारही थांबले असते ना!"

मास्तर आ वासून बघत राहिला. कोचबाई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारची खिडकी उघडली.

ठमीने पुढे होऊन पट्टीचं टोक अंगठ्याने घट्ट दाबून बसवलं. पाइप स्वतः उचलला आणि टपावर धो धो पाणी मारलं. आत एक थेंब नाही. तिने पाइप खाली टाकला, ओले हात ओढणीला पुसले आणि कोचबाईंच्या हातातून किल्ली घेतली.

"पुढच्या रविवारी येशील?" तिने मास्तरला विचारलं.

"पण टप तर दुरुस्त झाला."

"म्हणूनच विचारतेय," ठमी म्हणाली.