गरम वाळूचा मोजा

त्या दिवशी आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. वारा नाही, ढग नाही. फक्त रात्री दव पडणार, हे हवेच्या ओल्या वासावरून कळत होतं. आणि दव हाच माझा वैरी.

वर्ष झालं, हिला अंथरुणातून उठवत नाही. "एक तारा जागचा हलत नाही म्हणे, बाकीचे त्याच्याभोवती फिरतात. तेवढं बघायचंय मला," एवढंच तिचं मागणं. लेकीनं कॅमेरा आणून दिला, शिकवलंही. रात्रभर आपोआप फोटो निघत राहतात, ते एकावर एक जोडले की ताऱ्यांची वाट दिसते. दोनदा बागेत बसलो, दोनदा माझा डोळा लागला आणि भिंगावर दव साचलं. आता ही शेवटची रात्र. उद्यापासून गल्लीत नवे दिवे लागणार, मग तारे कुठले दिसायला!

माझी युक्ती साधी. तव्यावर तापवलेली वाळू जुन्या मोज्यात भरायची आणि भिंगाभोवती बांधायची. तासाभरानं गार झाली की दुसरा मोजा. गाठ मात्र माझी खास. कापडाच्या गोदामात चाळीस वर्षं गठ्ठे बांधले, ती गाठ दुसऱ्या कुणाला जमली नाही.

शेजारच्या वहिनी रात्री खिडकीशी शिवणकाम करतात. त्यांना म्हटलं, आज दिवा नको.

"बसा काका, मीही अंधारात बसते."

आतून ही ओरडली, "तुम्ही जागणार? उभ्या उभ्या घोराल!"

"बघच आज."

तीन मोजे बदलले. कॅमेरा खट्... खट्... करत होता. अंधार असा दाट, की पायाशी ठेवलेल्या, लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीचा काय तो उजेड. खुर्चीत टेकलो, आणि तापल्या वाळूचा वास आला. स्वयंपाकघरात तवा सरकला.

"कोण आहे...?"

उठायला गेलो, पाय उठेनात. पुढचं काही आठवत नाही.

पाखरांनी जागं केलं. गेलं सगळं! धडपडत कॅमेऱ्याशी गेलो. भिंग कोरडं ठणठणीत. मोजा चटका बसेल इतका गरम. आणि गाठ... माझीच.

सकाळच्या गाडीनं लेक आली, तिनं सगळे फोटो जोडून एकच मोठा फोटो छापून आणला. हिच्या हातात दिला. कमानीमागून कमानी, एकही तुटलेली नाही, आणि मधोमध तो एक तारा, टाचणीनं टोचून ठेवल्यासारखा. ही कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझा कान ओढून म्हणाली, "जिंकलात हो!" सदऱ्याची गुंडी तुटेल अशी छाती फुगली माझी.

तसाच फोटो घेऊन कुंपणाशी गेलो. वहिनींनी तो धड पाहिलाही नाही. माझ्याकडेच बघत हळूच म्हणाल्या,

"काका, रात्रभर तुम्ही मोजे बदलत होतात, मी बघत होते. एकदा मला हातही केलात... पण तुमच्या खुर्चीत झोपलं होतं, ते कोण?"