गाळातला श्वास

त्या दिवशी मी फक्त साबण आणायला बाहेर पडले होते. तान्ह्या बाळांना लावतात तो, मंद वासाचा. घरात बाळ नाही, साबण तबकड्यांसाठी हवा होता. माझा नवरा जुन्या ध्वनिमुद्रणांची साफसफाई करतो. शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्यांवरचं गाणं संगणकात उतरवून घ्यायचं आणि त्यातली खरखर काढायची, हा त्याचा धंदा. पण आधी तबकडी धुवावी लागते आणि ते काम माझं. साधं पाणी, साबणाचा थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल गोल हात. मधल्या कागदी चकतीला पाणी लागू द्यायचं नाही. मग भांडी निथळायच्या जाळीत उभ्या करून ठेवायच्या. आमच्या जाळीत ताटांपेक्षा तबकड्याच जास्त. माझ्या हातांना तर त्या साबणाचा वास कायमचाच चिकटलेला.

बाहेर धुकं इतकं होतं की दुकानदाराने भर दुपारी दिवे लावले होते. परत आले तर दारात तबकडीकाकांचे बूट दिसले.

तबकडीकाका हे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. जर्मन ऑपेरातल्या थोर गायक-गायिकांच्या तबकड्या जमवण्यात त्यांनी उभा जन्म घालवला. ऑपेरा म्हणजे सगळंच गाऊन सांगायचं नाटक. त्यात माणूस मरतानासुद्धा दहा मिनिटं गातो आणि मगच डोळे मिटतो. मी हे एकदा काकांना म्हटलं होतं, तेव्हा ते हसले होते. नवरा हसला नव्हता.

कारण तेव्हा आमच्या घरात ती आलेली होती. काकांनी आणलेल्या खोक्यातली एक जर्मन गायिका. तिचं नाव मला नीट उच्चारता येत नाही आणि मला ते शिकायचंही नाही. नवरा तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचा. बाईंचा आवाज, बाईंचा दम, बाईंनी हा सूर कसा सोडलाय बघ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याने हेडफोन काढून डोळे पुसले होते.

“अगं, बाईंनी शंभर वर्षांपूर्वी घेतलेला श्वास अजून पुरतोय,” तो म्हणाला.

मी त्याच्याशेजारी इतकी वर्षं श्वास घेतेय, त्याचं काय? पण हे मी बोलले नाही. जिवंत सवतीच्या झिंज्या उपटता येतात, मेलेलीचं काय करणार? तिची तबकडी मीच साबणाने धुतली होती, तीसुद्धा बोटांचा डाग पडू न देता.

एक काळ असा होता की तो माझं गाणं ऐकायचा. गाणं ऐकूनच त्याने मला मागणी घातली होती. आणि माझ्या श्वासाचं म्हणाल, तर तोही त्याला तोंडपाठ होता. लहानपणी झोपाळ्याची फळी लागून माझं नाक थोडं वाकडं झालं. तेव्हापासून श्वास आत घेताना डाव्या नाकपुडीतून बारीक शीळ वाजते. लग्न नवं असताना तो म्हणायचा, “किटली उकळली वाटतं.” कधी माहेरी राहिले तर फोन करून सांगायचा, किटली नाही तर झोप येत नाही. मग हेडफोन आले, खोकी आली, आणि बाई आली.

तर काका आले होते ते बाईची साफ केलेली तबकडी ऐकायला. नवऱ्याची खोली म्हणजे मागची लहान खोली, भिंतींना जाड फोम लावलेला, खिडकीवर घोंगडी. आत गेलं की आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. त्याने गाणं लावलं. खरखर नावालाही नव्हती. ती बाई अगदी आमच्या खोलीत उभी राहून गात होती. काका डोळे मिटून बसले, आणि मी दाराला टेकून माझा होणारा तिळपापड लपवत उभी राहिले.

गाणं संपल्यावर काका म्हणाले, “मधला तो श्वास कुठे गेला?”

“बाईंच्या मागे कोणीतरी श्वास घेत होतं ना, तोच ना?” नवऱ्याच्या छातीत हवा भरली. “काढला. आठवडा गेला त्यात. केसाइतका बारीक होता, पण सगळा गाळात गेला.”

गाळ म्हणजे काढून टाकलेला आवाज. साफसफाई झाली की तो गाळ वेगळा लावून ऐकायचा, त्यात चुकून गाणं वाहून गेलं नाही ना ते बघायला. मग पुसून टाकायचा. ही त्याची पद्धत.

काकांचा चेहरा उतरला. “ठेवायचा होता रे तो,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं ते असं. त्या काळी मायक्रोफोन नव्हते. भिंतीतून एक मोठा कर्णा आलेला असायचा आणि पलीकडे मेणाची तबकडी फिरायची. मेण मऊ राहावं म्हणून ते गरम करत, त्या कोंदट खोलीत त्याचा वास भरून राहायचा. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचं. पण सूर चढला की सुई उडायची, उतरला की काही उमटायचंच नाही. म्हणून मागे एक माणूस उभं करत. त्याने गाणाऱ्याचे खांदे धरायचे. आवाज चढला की मागे ओढायचं, उतरला की पुढे ढकलायचं.

“बाईंच्या मागे त्यांची धाकटी बहीण असायची,” काका म्हणाले. “तीही गायची. थोरलीपेक्षा गोड, असं म्हणणारेही होते. पण थोरलीने तिला कधी कर्ण्यासमोर येऊ दिलं नाही. जन्मभर मागेच उभी. तिचा फोटो नाही, तबकडी नाही. श्वास तेवढा राहिला होता.”

“गाळ आहे का अजून?” मी विचारलं.

“सकाळीच पुसला,” नवरा म्हणाला.

काकांनी बूट घातले. चहा झाला होता, पण ते थांबले नाहीत.

ते गेल्यावर मी नवऱ्याशी भांडले. कारण काय तर चहा वाया गेला. खरं कारण त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. बोलता बोलता माझा आवाज चढला, आणि त्याच क्षणी कोणीतरी माझे दोन्ही खांदे धरून मला मागे ओढलं. चांगलं पाऊलभर. मी वळून पाहिलं. मागे फक्त जाळीत निथळणाऱ्या तबकड्या होत्या. आणि गरम मेणाचा वास.

“काय झालं?” तो म्हणाला.

“काही नाही...” माझा आवाज बसला होता. आणि तेवढ्यात त्याच हातांनी मला पुढे ढकललं, त्याच्याकडे.

नंतरचे दिवस कसे गेले म्हणता? वाईट नाही गेले. आधी मी दाराला पाठ लावून बोलायचे, हळू बोलायचे, बोलायचंच टाळायचे. पण ते हात कधी दुखवत नव्हते. सराईत होते. मोठ्याने बोलले की मागे, कुजबुजले की पुढे. नवऱ्याने मागच्या खोलीत बाईचं गाणं लावलं की मात्र बोटं खांद्यांत रुतायची. तेव्हा मला कळायचं की या घरात आणखी कोणालातरी ती बाई डोळ्यांसमोर नको आहे. खरं सांगते, मला बरं वाटायचं. एकटीने जळण्यापेक्षा सोबत बरी.

मग एका दुपारी मी त्याला म्हटलं, “माझं एक गाणं घे ना रे. नुसतं घेऊन ठेव.”

“आत्ता? बाईंची दुसरी बाजू व्हायचीय अजून.”

“बाई कुठे पळून जात नाहीये.”

त्याने नाइलाजाने मायक्रोफोन लावला. बाहेर धुकं दाटलं होतं, खोलीत टेबलावरचा एकच दिवा होता. मी उभी राहिले. मेणाचा वास आला आणि खांद्यांवर हात आले, अगदी अलगद. त्याने मला मागणी घातली ते गाणं मी सुरू केलं. पहिली ओळ माझी होती. दुसऱ्या ओळीला सूर चढला, तशी मी मागे ओढली गेले. मागे, आणखी मागे... आणि गाणं थांबलं नाही. ते पुढे चालूच होतं. मला जन्मात लागला नसता असा सूर माझ्या गळ्यातून निघत होता, आणि मी तो पाठीमागून ऐकत होते. माझ्यासमोर माझेच केस दिसत होते. माझ्याच पाठीवरची ओढणी. मी कोणाचे तरी खांदे धरले होते.

गाणं संपलं. नवऱ्याचे डोळे भरले होते. “कुठे लपवला होतास हा आवाज?” तो म्हणाला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मागणी घातली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. याच नजरेसाठी मी वर्षभर जळत होते.

त्याने हेडफोन लावून ते पुन्हा ऐकलं. मग कपाळाला आठी पडली.

“मागे कोणीतरी श्वास घेतंय.”

त्याने तोच तुकडा पुन्हा लावला.

“बारीक शीळ वाजतेय बघ. खुर्ची असेल नाहीतर खिडकीची फट. काढून टाकतो.”

किटली, मी ओरडले. अरे, किटली आहे ती, ओळख ना. घशाच्या शिरा ताणून ओरडले आणि तितकीच जोरात मागे ओढली गेले, फोमच्या भिंतीपर्यंत. कुजबुजायचं असतं हे तोपर्यंत सुचलंच नाही. त्याने माऊस सरकवला. हात चांगला आहे त्याचा. केसाइतकाही अंश ठेवत नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. खोकं काकांकडे परत गेलं. बाईचं नावही घरात निघत नाही. तो माझंच गाणं लावतो, दिवसभर, आणि आल्यागेल्याला ऐकवतो. मी समोर बसून ऐकते. माझं नाक आता वाजत नाही. त्याला झोपही छान लागते.

एकच गोष्ट राहिलीय. त्या दुपारचा गाळ त्याने पुसलेला नाही, विसरला असेल. तो बाहेर गेला की मी तो लावते. आधी त्यात नुसती शीळ होती. मग शिळेत कुजबुज आली. परवा तर स्पष्ट ऐकू आलं. “अरे, ऐक ना... मी आहे.” अगदी लाडाने, बायको नवऱ्याला म्हणते तसं. मी झटकन आवाज बंद केला. त्याच्या कानावर हे जाता कामा नये. एवढ्या वर्षांनी मला कोणीतरी ऐकतंय, आणि आता ही कोण मध्ये येणार?

आजच पुसून टाकीन म्हणते. पण बटणाकडे हात नेला की कोणीतरी मागून माझे खांदे धरतं. त्या हातांना मेणाचा वास नाही. त्यांना बाळाच्या साबणाचा वास येतो, तबकड्या धुवायचा तो. मी तर हल्ली तबकड्या धूतच नाही.