एकविसावी माळ

मोबाइल खाली ठेव रे अश्वजित. लाइट गेली म्हणून बॅटरी लावून माझ्या तोंडावर कामून मारून राहिलास? यील लाइट. तीस वर्षं लाइनमन होतो मी. तंवर ऐका. आन् हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, मधात खीखी केलेली मला चालत न्हाई. आनंदराज माझ्या मेहुणीचा पोरगा. त्यानं माझ्यापुढं बसून सांगितलेलं हाय हे, माझ्या पदरचं यात काही न्हाई.

उदगीरात त्याचं लाइटिंगचं दुकान. काचेच्या पिवळ्या बल्बाच्या माळा भाड्यानं देतो. आता प्लास्टिकचे लई आले, पण फोटोसाठी लोकायला काचेचेच पायजेत. लावल्यावर देखणे दिसतेत, पण गावोगाव न्यायचे म्हणलं की जीव खातेत. त्यापरीस अंडी न्यावी!

धंदा त्याला मडिवाळप्पानं शिकवला. सीमेकडचा माणूस. अर्धं कानडी, अर्धं मराठी, आन् तेबी मोजून बोलायचा. डावखुरा होता. आनंदराजनं अकरा वर्षं त्याच्या हाताखाली काढली. वायर जोडणं, होल्डर बसवणं, कमानीवर चढणं, सगळं उस्तादानं शिकवलं. पेटी भरणं तेवढं न्हाई शिकवलं; जाग्यावर पेटी उघडायचाबी स्वतःच.

पेट्या भरायची येळ आली की उस्ताद त्याला गाडीच्या केबिनमधी बसवायचा. "तडी," म्हणायचा. तडी म्हंजे थांब. "मागं बघू नको. तुझी घाई बघून माझा हात घाई करतो."

मंग मागं एकटाच बसायचा. एकेक बल्ब लावून बघायचा, कागदात गुंडाळायचा, माळ डाव्या हातानं उलटी वेढायचा आन् वरून सुतळीची गाठ मारायचा. झालं की केबिनच्या मागल्या पत्र्यावर हाडकुळ्या बोटानं दोनदा टकटक. दोन म्हंजे चल. एकच टक वाजली तर थांब, अजून काम हाय. अकरा वर्षांत त्या माणसाचा एक बल्ब फुटला न्हाई, पोरांनो. एक न्हाई!

तेवीसच्या पावसाळ्यात उस्ताद गेला, आन् आनंदराजच्या मागं साडेसाती लागली. गाडी निघाली की मागं खळ्. थर्माकोल लावून बघितलं, गाद्या घातल्या, फुग्याचं प्लास्टिक आणलं. येड्यानं कोंबड्यावाल्याकडून अंड्याचे ट्रेसुद्धा आणले. काही फरक न्हाई. अर्ध्या माळा जाग्यावर पोचेस्तोवर आंधळ्या.

त्यात बिलोलीचं झालं. बिलोली त्याचं गाव. त्याची माय, महामाया, तिथंच ऱ्हाते. चोवीसच्या जयंतीला विहाराची कमान त्यानं हौसेनं अंगावर घेतली. तुमाला माहीतच हाय, तेरा एप्रिलच्या रात्री बाराला सगळं गाव विहारापुढं उभं असतं. बारा वाजले, बटन दाबलं, आन् कमान अर्धी उजेडात, अर्धी अंधारात. पोरं हसली. माय घरी गेली ती उपाशीच झोपली. पंचवीस साल आलं तवा फोनवर म्हणली, "बाबा, जमत नसंल तर सांग. कमिटी दुसरा माणूस बघून राहिली. मला पुन्यांदा मान खाली घालायला लावू नको."

एवढंच म्हणली. पण मायचं बोलणं लागतं रे.

आता रात्र सांगतो. बारा एप्रिल, शनवार. हनुमान जयंती, चैती पुनव. उदगीरातच एका भंडाऱ्याला त्याच्या माळा लागलेल्या, त्या उतरवायलाच साडेआठ झाले. ईस माळा, एकेकीत ईस बल्ब. सकाळी बिलोलीत कमानीवर चढायचं होतं, म्हणून त्यानं घाईघाईत पेट्या भरल्या, छोट्या हत्ती टेम्पोत चढवल्या, वरून ताडपत्री ओढली आन् एकटाच निघाला. देगलूर सोडलं तवा अकरा ईस झाले होते. चहाच्या टपरीवरचं घड्याळ त्यानं बघितलं होतं.

चांदणं पिठासारखं पडलेलं. पण रस्ता! रस्ता म्हणावं का त्याला? खड्डा आला की मागं खळ्. हा गाडी मुंगीवाणी चालवून राहिला तरी खळ्. पुन्हा खळ्. शेवटी एका लिंबाच्या झाडापाशी त्यानं गाडी लावली, मागं गेला, वरची पेटी उघडली. पहिल्याच माळेत अकरा बल्ब फुटलेले. एका माळेत अकरा! खालच्या पेट्या उघडायची हिंमतच झाली न्हाई.

काचा त्यानं झाडाखाली झाडून टाकल्या, हाताला लागलं. आन् मंग त्याचं डोकं सटकलं. दोन वर्षांचा राग होता तो. त्या सुनसान रस्त्यावर उभा ऱ्हाऊन वरडला, "उस्ताद! अकरा वर्षं तुमच्या पेट्या वाहिल्या मी! तुमच्या चपला उचलल्या! आन् तुमी इद्या घिऊनच गेलात व्हय? लई मोठी तुमची कला! मंग या की! या आन् तुमीच भरा!"

असं बोलू नये, पोरांनो. रागातबी बोलू नये.

केबिनमधी यिऊन बसला. किल्ली काढून खिशात टाकली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आन् रडला. उगं कामून लपवू, रडला. अकरा पन्नास झाले असतील. रातकिडे वरडून राहिले होते...

ते थांबले. एकदम.

गाडी मागून खाली बसली. जरासीच. माणूस फळक्यावर पाय देऊन चढला की बसते ना... तशी.

त्याला वाटलं, चोर.

मंग कागद वाजला. चुरचुर... चुरचुर... आन् केबिनच्या मागल्या काचंतून पिवळा उजेड आला. समोरच्या काचंवर पडला. विझला. पुन्हा लागला. विझला.

एकेक बल्ब. कुणीतरी लावून बघत होतं.

गाडीची किल्ली याच्या खिशात. आन् गाडीच्या बॅटरीवर ते बल्ब लागतच न्हाईत, मी लाइनमन हाय, मला नका शिकवू. वायर न्हाई, खांब न्हाई, शेतात मोटारसुद्धा न्हाई... उजेड लागतो. विझतो. चुरचुर. लागतो. विझतो.

आनंदराज भिजून चिंब झाला घामानं. पण भीतीच्याबी वर एक इचार त्याच्या डोक्यात आला. तो म्हणला, "काका, मला वाटलं, आत्ता नुसतं वळून बघितलं तर सुटलो. कसं भरतो ते दिसंल. जन्माचं काम होईल."

त्यानं मान हलवली. जरासीच.

टक्.

त्याच्या डोक्यामागं. पत्र्यावर. एकच.

...

डोळे मिटून घेतले त्यानं. किती येळ गेला, त्याला सांगता येत न्हाई. पापण्यांवर उजेड यायचा, जायचा. यायचा, जायचा. एकदाच तो पुटपुटला, "उस्ताद... शिकवा की हो."

मागं कागद थांबला.



पुन्हा चुरचुर सुरू झाली.

मंग गाडी मागून हलकी झाली. वर उठली. आन् टक् टक्.

चल.

मोबाइलात तीन चाळीस झालेले. गाडी चालू केली आन् निघाला. त्याच रस्त्यानं, त्याच खड्ड्यातून. मागं आवाज न्हाई. एक खळ् न्हाई. त्या गप्प गाडीचंच भ्या वाटलं, म्हणला, जास्त.

उजाडता बिलोलीला पोचला. पेट्या मायच्या वसरीत उतरवल्या आन् बजावलं, "कुणी हात लावू नका. मी झोपून उठतो, मंग एकेक पेटी मीच उघडीन." कामून? तर आतला थर न् थर बघायचा होता त्याला. कागद कसा, वेढा कसा, खाली काय, वर काय. बघितलं की शिकला. अकरा वर्षांचं उत्तर वसरीत पडलेलं होतं.

तिथंच पडला तो, रातभराचा जागलेला. उठला तवा ऊन माथ्यावर. बाहेर येतो तर पेट्या रिकाम्या! कमिटीची पोरं येऊन सगळ्या माळा घिऊन गेलेली, कमानीवर चढवलेल्या. कागद? चुलीत. मायनं पाणी तापवलं होतं त्याच्यावर.

"आगं माय! मी काय म्हणलो होतो!" कपाळावर हात मारून मटकन् खालीच बसला.

"आरं, पोरं मदतीला आली, त्याइला हाकलू का?" माय म्हणली. "आन् एकबी फुटला न्हाई रे! सगळे सांगून राहिले. तरी तू रडून कामून राहिलास? तुझ्या मनाचं मला काही कळंना. पोरं म्हणत होती, दादानं माळा उलट्या कामून वेढल्यात म्हणून."

रात्री बारा वाजले. बटन दाबलं. चारशेच्या चारशे बल्ब लागले. झाडाखाली ज्या अकराच्या काचा झाडल्या होत्या, त्या अकरा जागीसुद्धा उजेड. गावानं जयजयकार केला. माय सगळ्यात पुढं उभी होती, मान वर करून. आन् आनंदराज मागं भिंतीला टेकून, दात खात. मायची मान वर ऱ्हायली, याचा त्याला आनंद झाला न्हाई असं न्हाई. पण इद्या चुलीत गेली ना रे!

दुसऱ्या दिवशी निघताना मायनं पदराखालून एक पुडकं काढलं. "हे एवढं ऱ्हायलं बघ पेटीत. गाठच सुटंना पोरांकडून."

कागदात गुंडाळलेली माळ. डाव्या हाताचा वेढा. वर सुतळीची गाठ.

त्यानं जाऊन कमानीवरच्या माळा मोजल्या. ईस. पुन्हा मोजल्या. ईसच. उदगीराहून ईसच आणल्या होत्या.

ती एकविसावी माळ अजून त्याच्या दुकानात खुंटीला हाय. मी म्हणलं, "येड्या, मंग सोड की! तेवढ्यासाठीच तर ठिवली असंल. सोड, बघ, शीक."

त्यानं माळेकडं हातबी नेला न्हाई. मला राग आला. मी उठलो, पुडकं खुंटीवरून काढलं. कागदाच्या आत बल्ब कोमट लागले हाताला. म्हणलं उन्हाचे असतील. दिवस माघाचे होते, ऊन मागल्या भिंतीवर येतच न्हाई, ते मागून ध्यानात आलं.

गाठीला नख लावलं.

दुकानाच्या मागल्या पत्र्यावर...

एकदाच वाजलं.

आनंदराज खाली बघून म्हणला, "रोज असंच करतेत, काका. ठिवा."

मी ठिवली.