फौजदाराची गस्त

ताईकडे मी गेले होते ते अगदी साध्या कामाला. भावजींना जाऊन महिना होत आला होता. मोठ्या घरात ती एकटीच. म्हटलं, थोडे दिवस माझ्याकडे घेऊन यावं.

तिची अडचण एकच होती, दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी. भावजींचा जीव की प्राण. जवळजवळ भिंतभर लांब, आत दगड, प्रवाळ आणि पिवळाधमक टँग मासा. तळहाताएवढा, चपटा. दिवसभर या टोकाकडून त्या टोकाकडे फिरायचा, म्हणून भावजी त्याला फौजदार म्हणायचे. "घरात एक आधीच आहे, हा दुसरा," असं ताईकडे बघत सांगायचे. शेपटीच्या मुळाशी या माशाला पांढरा काटा असतो, वस्तऱ्यासारखा धारदार. घाबरला की तो उघडतो. पण भावजींच्या बोटांतून तो वाळक्या शेवाळाचा तुकडा ओढून घ्यायचा, लाडावलेल्या पोरासारखा.

"रोज पाणी उडतं," ताई म्हणाली. "तेवढं गोडं पाणी घालावं लागतं. चुकलं की खार वाढतो, प्रवाळ मिटून बसतं. कशी येऊ मी?"

"मग देऊन टाकू कुणाला तरी."

ताई हसली. "आणि यांना काय सांगू?"

मी विषय वाढवला नाही. दुःखात माणूस बोलतं काहीबाही.

दुपारी ती आडवी झाली आणि मी चहा घेऊन टाकीसमोर बसले. काचेवर शेवाळ धरू नये म्हणून त्या खोलीचे पडदे कायम ओढलेले. भर दुपारी अंधार, आणि त्यात टाकीचा निळा उजेड. पंपाची घरघर, कुठेतरी आत पाणी पडल्याचा आवाज, ओल्या दगडासारखा खारट वास. मला चैन पडेना. उठावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

फौजदाराची गस्त चालू होती. बघता बघता माझ्या लक्षात आलं, तो फिरत नव्हता. तो कुणाच्या तरी चालीने चालला होता. सावकाश कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथे क्षणभर थांबायचं, मग वळायचं. मासा असा थांबून वळत नाही. आणि त्याचा डोळा बाहेर लागलेला... माझ्यावर नाही. माझ्या आणि काचेच्या मधल्या जागेवर.

"दिसलं ना?"

मी दचकले. ताई दारात उभी होती.

"हेच आहेत," ती हळूच म्हणाली. "फोनवर बोलताना अशाच फेऱ्या मारायचे..."

तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. काहीतरी करायचं म्हणून मी शेवाळाचा तुकडा घेतला आणि काचेच्या वरून पाण्यात धरला. फौजदार फिरकला नाही. जवळून पाहिलं तर त्याचा रंग उतरला होता, अंगावर मधोमध फिकट पट्टा उठला होता. आणि काटा उघडा. जाताना, येताना, शेपटी तेवढी खोलीच्या बाजूला वळवलेली.

"ताई, हा असा कधीपासून वागतोय?"

"हे गेल्यापासून. का गं?"

"भावजींवर याने कधी काटा काढला होता?"

तिचा हात तोंडाशी गेला.

"कधीच नाही गं..."

"मग फेऱ्या मारतंय ते कोण..."

फौजदार मधेच थांबला. बरोबर आमच्यासमोर. आणि मागे मागे सरत दगडाच्या कपारीत शिरला, कुणी काचेजवळ तोंड आणावं तसा. ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

"छोटे, चल. आत्ताच चल."

आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. दुसऱ्या दिवशी शोभेचे मासे विकणारा दुकानदार आमच्याकडून किल्ली घेऊन टाकी सुटी करून घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "रंग भरला की त्याला! हातातून खातोय. गरीब आहे हो बिचारा." ते ऐकून ताई पोटभर जेवली, रात्री घोरलीसुद्धा. मीही सुटकेचा निःश्वास टाकला.

काल सकाळी आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलो होतो. जागा अरुंद, टेबल आणि भिंत यांच्यातून एक माणूस जेमतेम जातं. बोलता बोलता ताईने खुर्ची पुढे ओढली आणि पाय आखडून घेतले, वाट द्यायला घेतो तसे. मी मागे पाहिलं. कुणी नव्हतं.

"काय झालं गं?"

"कुठे काय?" ती शेंगा सोलत म्हणाली. तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी तिच्या पायांकडे बघत बसले, आता सैल सोडेल, मग सोडेल. भाजी निवडून झाली, बोलणं संपलं, तरी तिने पाय तसेच आखडून धरले होते.

जाणारं अजून गेलं नव्हतं.