धोंडूबाईच्या वाट्याचा गूळ

खोपोलीच्या रंगभुकटीच्या कारखान्यात सकाळी कोठीचं दार उघडलं, तेव्हा गुळाची सहाही पोती चिरलेली होती. आत गूळ नव्हता. कुलूप शाबूत, आणि किल्ली गूळ वाटणाऱ्या धोंडूबाईच्या कमरेला.

"चोर समोरच आहे," मॅनेजर करंदीकर म्हणाले. "हिला आजच काढा."

मालकांनी सुलभा टिपणीसकडे पाहिलं. ती प्रयोगशाळेतली केमिस्ट. तिच्यावर त्यांनी एक काम सोपवलं होतं : भुकटी खात्यातली एक बाई कारखान्याला खरी कितीला पडते? पगार, फंड, विमा, बोनस, भरपगारी रजा, आणि धुळीतलं काम म्हणून रोज मिळणारा गूळ, सगळं धरून. ठेकेदाराच्या दरापेक्षा महाग पडली, तर पंधराजणींना नारळ. आज सुलभा कोठी तपासणार, हे काल सगळ्यांना कळलं होतं.

"धोंडूबाई, बायकांना गूळ कशातून देता?"

"त्या डब्यातनं. करंदीकर सायेब आठवड्याला भरून देतात. सुपारीएवढा खडा येतो एकेकीला."

"आणि पोती?"

"शिवलेली व्हती. हात लावायचा नाय, असं सायबांचं सांगणं."

"सहा पोती ही नेनार?" दारातून भुकटी खात्यातली जनी फिसकन हसली. "हिला कळशी उचलवत नाय गं!" हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

डबा पाण्याच्या परातीत ठेवलेला होता. परातीभोवती मुंगळे घिरट्या घालत होते. त्यांची रांग पोत्यांवरूनच येत होती, पण तिथे एकही थांबत नव्हता. सुलभानं पोत्यावरून हात फिरवला. बोटांना भाताचं तूस लागलं.

"करंदीकर, ही पोती कधीची?"

"जूनची."

"कोठीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे. का?"

"कारण गूळ चोरीला गेलेला नाही. तो आलाच नव्हता."

सुलभानं एक पोतं उलटं करून सगळ्यांपुढे धरलं.

"पावसाळ्यात गूळ पाझरतो. दोन महिने गूळ भरलेलं पोतं चिकट होतं. रिकामं केलं तरी मुंगळे त्याला सोडत नाहीत. ही पोती कोरडी आहेत. यांत तूस होतं. बिलं गुळाची लावली, डब्यापुरता थोडा गूळ आणला. मी पोती उघडणार कळल्यावर तूस काढून टाकलं, पोती चिरली, आणि आळ दुसऱ्या किल्लीवर घातला."

करंदीकरांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"गुळाचा खर्च वगळला तर?" मालकांनी विचारलं.

"बाई ठेकेदारापेक्षा स्वस्त पडते."

"मग बायका राहतील."

"आनि गूळ?" जनीनं विचारलं.

सुलभा गप्प झाली. खरा गूळ दिला की बाई पुन्हा महाग. मालकांना तिच्या गप्प बसण्यातून ते कळलं.

"आजवर त्याच्यावाचून चाललंच की," ते म्हणाले.

सुलभा बोलणार, तोच धोंडूबाईनं तिचा हात धरला.

"तुमी काय बोलू नका, बाई," ती पुटपुटली. "काम तेवढं ऱ्हाऊ द्या."